तीन गाठींची बाटली

ता. १४ मार्च, शनिवार

विसरभोळ्या शास्त्रीणबाईंना आजीचा आशीर्वाद.

तळ्याचं पाणी तपासायला बाटल्या आणून दिल्यास आणि बुचं तिकडेच विसरलीस. तशी मलाही कुठे ठेवून विसरलीस का? महिनाभर पत्र नाही, आणि काल आलं ते नुसतं कौतुकाचं. इकडे सगळे बरे. गुडघे कुरकुरतात, पण होडी अजून मीच वल्हवते. पत्र तुझी काकू लिहून घेतेय. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा.

तू लिहितेस, नाला तळ्याला मिळतो त्या तोंडाशी पाणी इतकं स्वच्छ निघालं की गावाच्या नळाला तिथूनच पाणी उचलायचं म्हणतात. काकूने ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

मला लिहिता येत नाही म्हणून आपण बाटल्यांना दोऱ्याच्या गाठी ठरवल्या. एक गाठ तळ्याच्या मध्याची, दोन काठाची, तीन नाल्याच्या तोंडाची. गाठी मी बरोबर मारल्या गं. पण चारही आठवडे तिसऱ्या बाटलीत मध्याचंच पाणी भरलं. एवढं मोठं तळं, पलीकडचा काठ दिसत नाही. म्हटलं, एका बाटलीने काय होतंय?

नाला कुठून येतो ते तुला ठाऊक आहे. इथे काकूचं पेन थांबलं. मी म्हटलं, "राहू दे हवं तर." ती म्हणाली, "आई, लिहायचंच तर सरळ लिहू या. तुमच्या मुलाचा रंगाचा कारखाना."

काल जेवताना त्याला सांगितलं, आता नाल्याचं खरं पाणी पाठवणार. ताट सरकवून उठला. "पोटच्या पोरावर उठलीस?"

"तुझ्यावर नाही, तुझ्या नाल्यावर. ते पाणी गावची लेकरं पिणार. आधी गाळायचं यंत्र बसव."

दार आपटून गेला. दार मजबूत आहे, मीही.

आज सकाळी होडी थेट नाल्याच्या तोंडाशी नेली. पाणी जांभळं, वल्ह्याला फेस. कामगार बघत होते, बघू देत. सोबतची बाटली खरी. बसवाल्याच्या हाती आजच देतेय, म्हणजे सोमवारी तुझा अहवाल जायच्या आत पोचेल. नाल्याच्या आधीच्या चार बाटल्या धरू नकोस. साहेबांना सांग, लबाडी आजीची, नातीची नाही.

कारखान्याला नोटीस निघाली तर पोस्टाने नको, तूच घेऊन ये. त्याआधी काकाच्या नावाने डाळिंबं पाठव, न सोललेली. दाणे काढायला बसला की त्याचे हात गुंततात आणि आवाज खाली येतो. तेवढ्यात मी बोलून घेईन.

तुझी आजी,
आणि अजूनही त्याची आई