जामीन कुणाला

स्लाऊ, १४ जुलै १९९१

ती. शशीदादास,
उल्काचा वाकून नमस्कार.

एडिनबराच्या हॉस्पिटलात हल्ली पेशंट कमी असावेत, नाहीतर कात्रणं कापायला तुला वेळ कुठला? तू पाठवलेलं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं कात्रण वाचलं. लोकसंख्येत शंभरात दीड, तुरुंगात शंभरात चौदा. हळहळले. मग वाटलं, मी मॅजिस्ट्रेट म्हणून दर गुरुवारी बसते तिथं काय चालतं? वर्षभराची माझी टिपणं काढली. मारामारीच्या आरोपाखाली पहिल्यांदाच पकडलेले गोरे बहुतेक जामिनावर घरी गेलेत. काळ्यांपैकी निम्मे, नऊ जण, खटल्याआधीच तुरुंगात. हे मी आमच्या मॅजिस्ट्रेटांच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे.

ह्यांनी मागच्या बागेत मेथी लावलीय. वहिनींना सांग.

तुझी,
उल्का

एडिनबरा, २८ जुलै

चि. उल्कास,
अनेक आशीर्वाद.

ती खुर्ची मिळवायला तुला चार वर्षं लागली. आता म्हणतील, ही बाई रंग बघून बाजू घेते. तरी मांड. थांब म्हटलं तर तू थांबणारेस थोडीच? फक्त एक विचारतो. त्या नऊ जणांना पाठवताना तू काय म्हणालीस?

वहिनीला मेथी हवीय, पोस्टानं नको. घेऊनच ये.

शशी

स्लाऊ, ९ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार.

तुझा प्रश्न झोंबला, म्हणून उत्तराला उशीर. काहीच म्हणाले नव्हते. नऊपैकी सात वेळा मीही मान डोलावली होती.

ऑगस्टमध्ये मिस्टर ग्रँट समोर आले. जमैकाचे, एकोणीस वर्षं बस चालवतात. पबमधल्या मारामारीत पकडलेले. पोलीस म्हणाले, हा परत यायचा नाही, आतच ठेवा. निर्णय आम्ही तिघं मिळून घेतो; माझे दोघे सहकारी तयार होते. विचार करायला आतल्या खोलीत गेल्यावर मी म्हटलं, मागच्या महिन्यात अशाच आरोपातल्या गोऱ्या सुताराला आपण घरी पाठवलं, या माणसात वेगळं काय ते मला सांगा. आमच्यातल्या चेअरमननी चष्मा लावला, बराच वेळ कागद चाळले आणि म्हणाले, काही सापडत नाही. ग्रँट घरी गेले. ऑक्टोबरच्या तारखेला वेळेआधी हजर होते. साक्षीदारानंच सांगितलं की ते भांडण सोडवत होते. सुटले.

काल मीटिंग झाली. आधी माझे सात निर्णय तक्त्यावरून वाचले, सगळे माझ्या नावानिशी. मग चेअरमननी माझ्याकडून तसाच एक कोरा तक्ता मागून घेतला आणि आपले निर्णय भरायला वर स्वतःचं नाव लिहिलं.

लोभ आहेच, तो असाच प्रश्न विचारत राहो.

तुझी,
उल्का