मागच्या क्राऊनचे अडीच फेरे

मिस्त्री,

तुम्ही जाऊन आता आठ वर्षं होत आली. अजूनही पाली, चौक या गावांकडे कामाला गेलो की कोणी ना कोणी विचारतं, "तू अडीच मिस्त्रीकडचा कं?" मी हो म्हणतो. पस्तीस वर्षं तुम्ही इंजिनं उघडलीत, गिअरबॉक्स उतरवलेत, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, अडीच. हे नाव तुमच्या मागे लागलं ते माझ्यामुळे, आणि ते तुम्हाला माहीत नव्हतं. म्हणून लिहितोय.

उत्तनच्या रस्त्यावरच्या तुमच्या गॅरेजमध्ये मी आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दहावीला दोनदा बसून दोनदा आपटलो होतो, पण अक्षर चांगलं आणि शुद्धलेखन त्याहून चांगलं, म्हणून तुम्ही मला मास्तर म्हणायचात. बाहेरच्या पाटीवर "पंक्चर" लिहायला मी अर्धा दिवस लावला, तेवढ्यात तुम्ही तीन पंक्चर काढलेत. माझ्या खिशात एक वही असायची. प्रत्येक नट किती सूत, कुठून काढला, कुठे ठेवला, सगळं त्यात. तुम्हाला त्या वहीचा मनापासून राग. "मोजून घड्याळ बनतं, मास्तर," तुम्ही म्हणायचात. "गाडी कानानं बनते." मी मान हलवायचो आणि हेसुद्धा वहीत लिहून ठेवायचो.

पालीच्या नाखव्याच्या जीपचा मागचा क्राऊन, मागची चाकं फिरवणारं दातेरी चक्र, तुटला ते दिवस आठवतायत ना? ती जीप सकाळी वाळूवरून होडी वर ओढायची आणि मग मासळीच्या टोपल्या बसपर्यंत आणायची. तिच्याशिवाय नाखव्याचं काही चालत नव्हतं. तुम्ही कुर्ल्याच्या भंगारातून मागच्या दोन चाकांमधलं अख्खं हाउसिंग उचलून आणलंत, डिफरन्शियलसकट. आता फोर व्हील गाडीत गिअरबॉक्सचा फेरा पुढे आणि मागे सारखाच जातो. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, एक नसेल, तर पुढची चाकं एक म्हणतात आणि मागची दुसरंच. वाळूत चाकं घसरतात, भांडण तिथेच मिटतं. डांबरावर कोणी मागे हटत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत, घरातल्या सासू-सुनेचं उदाहरण देऊन, जे मी इथे लिहीत नाही.

तपासायची तुमची रीत साधी होती. एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. टायरला खडूची रेघ, शाफ्टला खडूची रेघ. चाक एकदा पूर्ण फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरला ते बघायचं. पुढचं फिरवलंत: "अडीच." मागचं फिरवलंत: "अडीच. झालं, बांध." मला पुढचं अडीचच्या जरा पुढे दिसलं होतं आणि मागचं जरा अलीकडे. तुम्ही दोघांच्या मधोमध अडीच ठेवून जेवायला गेलात. बोंबलाचं कालवण होतं, म्हणजे तासभर तरी तुम्ही उठणार नव्हतात. मी जॅक परत लावला आणि एका फेऱ्याऐवजी दहा फेरे फिरवले. पुढचा शाफ्ट जवळजवळ सत्तावीस वेळा फिरला. मागचा साडेचोवीस. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. वहीत लिहिलं, खाली रेघ मारली. तुम्ही दात कोरत बाहेर आलात, विचारलंत, "बांधलं कं?" मी म्हटलं, बांधतोय.

आठ दिवस काही झालं नाही. मागच्या दोन चाकांवर चालताना जीप गुणी होती, आणि फोर व्हील लागायचं ते वाळूतच. नवव्या दिवशी सकाळी नाखव्याचा भाऊ लुना घेऊन दारात. जीप पालीच्या गल्लीत अडकलीय, पुढे जात नाही, मागे जात नाही, लवकर चला. लुनावर आपण तिघं, तुमच्या मांडीवर जॅक.

गल्लीच्या वळणावर जीप आडवी उभी आहे. मागे कोळणी टोपल्या घेऊन ताटकळतायत, बस सुटायची वेळ झालीय, दोन्ही बाजूंना स्कूटरवाले हॉर्न वाजवतायत. नाखवा वाळूतून वर आला तेव्हा फोर व्हीलचा दांडा काढायला विसरला होता, आणि आता दांडा निघत नव्हता. तुम्ही दोन्ही हातांनी ओढलात, पायाने लाथ घातलीत. मग म्हणालात, "रस्त्यावर फोर व्हील लावतंस, मग अडकल न्हाय तर काय?"

"पंधरा वर्सांत कितीदा विसरलो," नाखवा म्हणाला. "तुमच्या हाताखालून आली नि आता अडकाय लागली."

नाखवीण टोपलीवर बसून होती. "चार चाकं आणि चारींची तोंडं चार गावांना," ती म्हणाली. "त्यापेक्षा माझा नवरा बरा. तो तरी एका वेळी एकाच गावाला जातो."

तुम्ही एक चाक जॅकवर घेतलंत. चाक जमिनीवरून सुटलं तसं आतला पीळ सुटून आपसूक गरकन फिरलं, कोणी हात न लावता, आणि समोरची सगळी मंडळी मागे सरकली. दांडा मऊ लोण्यासारखा निघाला. जीप गेली असती. कोळणींना बस मिळाली असती. पण तुम्ही खडू काढलात. सगळ्यांसमोर मागचं चाक एकदा फिरवलंत आणि म्हणालात, "हे बघ, अडीच."

"एक मासा बघून टोपलीचा भाव करतो कं आम्ही?" नाखवीण म्हणाली. "फिरव अजून."

तुम्ही दहा फेरे फिरवत गेलात आणि शाफ्टची रेघ बघत त्या बायका टोपलीत पापलेट टाकताना मोजतात तशा सुरात मोजू लागल्या. मागचे साडेचोवीस. मग पुढचे सत्तावीस. सत्ताविसाव्याला सगळी गल्ली एका आवाजात होती. तुम्ही खडू खिशात ठेवलात, माझ्याकडे वळलात आणि हळूच विचारलंत, "मास्तर, तू मोजलं नव्हतंस?"

"नाही," मी म्हणालो. वही माझ्या छातीवरच्या खिशात होती.

तुम्ही नाखव्याला म्हणालात, "चूक माझी हाय. पोराची न्हाय. क्राऊन बदलून देतो." त्या दिवशी बस चुकली, मासळी उन्हात राहिली, आणि संध्याकाळपर्यंत चौकापर्यंत तुमचं नाव अडीच झालं होतं. गॅरेजमध्ये परत आल्यावर तुम्ही बराच वेळ हात धूत बसलात. मग म्हणालात, "आतापासून मी फिरवीन, तू मोज. मना मोजाय जमत न्हाय, आता गावालाही कळलं." पुढे दोन वर्षं आपण तसंच केलं. आज लोक माझ्याकडे फोर व्हील घेऊन येतात ते त्या दोन वर्षांमुळे.

हे पत्र तुमच्या मागे राहिलेल्या मावशींना दाखवणार नाही. त्यांना दिसत नाही म्हणून त्या माझ्याकडून वाचून घेतील, आणि रविवारपर्यंत सगळ्या चौकाला सांगून मोकळ्या होतील. तेव्हा हे माझ्याकडेच राहील.

मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की तेव्हा मी लहान होतो, तुम्हाला घाबरून गप्प राहिलो. पण तुम्ही मला कधी मारलं नाहीत, कामावरून काढायची धमकीही दिली नाहीत; मी सांगितलं असतं तर दोन शिव्या घालून चाक पुन्हा फिरवलं असतंत. मी घाबरलो नव्हतो, मिस्त्री. मला बघायचं होतं की माझं गणित बरोबर येतंय का.