पुढच्या चाकावरची पट्टी

वाई,
४ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. सायकल एसटीच्या टपावरून आली. खंडेनवमीचा हार वाटेतच गळून गेला. बाबांची ही जुनी सायकल अजून चालते का, असं शाळेतल्या बाई हसून विचारतात. बारा तारखेच्या रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी पाचगणीहून पसरणी घाट उतरणार, तेव्हा बघतील. धुताना काढलेला पुढचा रिफ्लेक्टर आणि त्याची चाकावरची लोखंडी पट्टी तिकडंच राहिली. राहू दे, नुसतं ओझं.

गुडघा कसा आहे? लोभ आहेच, तो लाडवांसह वाढवावा.

तुझी दीपमाला


तासगाव,
९ ऑक्टोबर

चि. दीपमालास,
अ. उ. आ.

गुडघा हाय तिथंच हाय. पट्टी न्हाणीत सापडली. ओझं म्हणतीस व्हय? अगं, तुझा ब्रेक जुन्या तऱ्हेचा. हँडलाकडनं उभी तार येती, ती चाकावरच्या आडव्या तारेला मधोमध धरून वर ओढती. उभी तुटली की आडवी पडती टायरवर, खाचंत अडकती, चाक जागच्या जागी थांबतं. माणूस थांबत न्हाई. पट्टी असली की तार तिच्यावर पडती.

तुझ्या बापाचे पुढचे दोन दात कबड्डीत पडले न्हाईत. ह्याच तारेनं पाडले. मी सायकल विकून टाकीन ह्या भ्यानं माझ्याशी खोटं बोलला. मी गोठ्यामागं वाकडं चाक बघितलं, गप बसले, आणि मिस्त्रीकडनं पट्टी बसवून घेतली. हे लिहिताना तुझ्या आईचं पेन थांबलंय. तिलाबी लग्नात कबड्डीच सांगितली हुती.

ती फोन करते म्हणती. नको म्हटलं. फोनवर तू व्हय व्हय म्हणतीस अन् ठेवतीस. पट्टी आजच्या एसटीनं पाठवतीय. उभी तार नवी घाल, पट्टी लाव, मगच उतर. न्हाईतर वळणावर येऊन बसते, गुडघ्यासकट.

माया हाय तेवढीच हाय. दात सांभाळ.

अंगठा आजीचा, अक्षर आईचं


वाई,
१२ ऑक्टोबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पट्टी लावली, तुझ्या धाकानं. तार मात्र बदलली नाही; वाटलं, काय होतंय! उतारावर वळणाला समोरून टेम्पो आला. पुढचा ब्रेक दाबला, तर हाताला काहीच लागेना. खाली बघायचा धीर झाला नाही. मागचा ब्रेक दाबून, पाय घासत कठड्याशी थांबले. मग बघितलं. उभी तार तुटलेली, आणि आडवी त्या पट्टीवर अलगद टेकलेली, दोरीवर टाकलेल्या ओल्या पंच्यासारखी.

खाली चालत आले. बाबांना फोन करून दातांचं विचारलं. आजीला कधीपासून ठाऊक आहे, एवढंच विचारलं त्यांनी. मी सांगितलं, पहिल्यापासून.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझी दीपमाला


तासगाव,
१७ ऑक्टोबर

चि. दीपमालास,
अ. उ. आ.

तार बदलली न्हाईस त्याची शिक्षा दिवाळीला. त्या रविवारी तुझा फोन येईस्तवर मला घास उतरला न्हाई. हे लिहू नको म्हटलं, तरी तुझी आई लिहितीय.

संध्याकाळी तुझा बाप जेवायला बसला. एवढ्या वर्षांत त्यानं माझ्यासमोर ते खोटे दात कधी काढले न्हाईत. त्या दिवशी काढले, ताटाशेजारी ठेवले, आणि भाकरी दुधात कुस्करून खायला लागला. मी आणखी दूध वाढलं.

नवी तार घातलीस की पत्र टाक. माया हायच.

अंगठा आजीचा, अक्षर आईचं