ईफा हरेपर्यंत

६ मार्च, शुक्र.
वॉर्डात अकरा पेशंट. नववा ख्रिस्टी. आमच्या कोपऱ्यावरच्या बारमधला. बार त्याची मुलगी नोरीन चालवते, हा टीव्हीखालच्या स्टुलावर बसलेला असतो. वय ७३. खोकला, वजन उतरलेलं. स्कॅन दोनदा बघितला. फुफ्फुसाचा कॅन्सर, यकृतातही पसरलेला.
कन्सल्टंटनी सांगितलं, मी शेजारी उभी. किती दिवस, त्याने विचारलं. आठवडे, असं उत्तर. मग ख्रिस्टीने मला एकटीला थांबवलं.
"नोरीनला सांगायचं नाही. तिला कळलं की तासाभरात ईफाला कळेल."
ईफा नोरीनची मुलगी. अमेरिकेत, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये, शेवटचं वर्ष. याच महिन्यात मोठी स्पर्धा. एक मॅच हरली की बाहेर.
"पहिल्या विमानाने निघून येईल ती. हरू दे तिला. मग मीच सांगतो."
तुमचा निर्णय, म्हटलं. फाइलमध्ये तसंच लिहिलं. संध्याकाळी त्याला घरी सोडलं. न्यायला नोरीन आली होती. तिला 'छातीत इन्फेक्शन' असं त्याने स्वतःच सांगून टाकलं. मी फाइल चाळत राहिले.

१६ मार्च, सोम.
स्पर्धेच्या जोड्या लागल्या. नोरीनने छापून बारच्या भिंतीवर चिकटवल्यात, ईफाच्या कॉलेजवर हिरवी रेघ. समीर ऑफिसमधून येताना बघून आला. म्हणाला, पहिलीच मॅच तगड्या टीमशी, शनिवारी आटोपेल.
मला बरं वाटलं. नंतर भांडी घासताना त्या बरं वाटण्याची किळस आली.
स.ला काही सांगता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच असं.

२१ मार्च, शनि.
चार वाजता मॅच. बार भरलेला. सगळे हर्लिंगवाले, इथल्या काठी-चेंडूच्या खेळातले, बास्केटबॉलचे नियम कोणालाच नीट माहीत नाहीत. फाउल झाला की एकमेकांना विचारतात. ईफा पडद्यावर दिसली की मात्र सगळे गप्प. बारकी आहे, आजोबांसारखे कान.
दोन गुणांनी जिंकल्या. नोरीन काउंटरमागे रडत होती, हसत होती. लोक ख्रिस्टीच्या पाठीवर थापा मारत होते. प्रत्येक थापेला त्याचा चेहरा... मी हात धरून थांबवणार होते एकाला.
निघताना मला हळूच म्हणाला, "म्हणजे अजून दोन दिवस, डॉक."
स. रस्त्यात म्हणाला, तू टाळ्या वाजवल्या नाहीस. वाजवल्या म्हटलं. नव्हत्या वाजवल्या.

२३ मार्च, सोम.
ख्रिस्टी परत वॉर्डात. धाप. छातीतून सव्वा लिटर पाणी काढलं. मॅच माझ्या फोनवर लावून दिली. जिंकल्या. आनंदाने खोकला, मग थांबेना.
नोरीनने लिफ्टपाशी गाठलं. "न्यूमोनियाच आहे ना गं?"
"त्यांना विचार."
"विचारलं. झकास आहे, ग्रँड आहे म्हणाला."
माझ्याकडे बघत राहिली. लिफ्ट आली, मी आत गेले. मला खाली जायचं नव्हतं, तरी खाली गेले.

२४ मार्च, मंगळ.
सुट्टी. दिवसभर पडून.
बाबा गेले तेव्हा मी मिरजेला, हॉस्टेलवर. फायनलचे तीन पेपर राहिलेले. काकांनी रेक्टरला फोन करून सांगितलं होतं, परीक्षा संपेपर्यंत कळू देऊ नका. मी तीनही पेपर दिले. मधल्या गॅपमध्ये मैत्रिणींबरोबर सिनेमालाही गेले. घरी पोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. आई म्हणाली, त्यांचीच तशी इच्छा होती.
त्यांनी माझं नाव घेतलं का, हे आईला अजून विचारलेलं नाही. तेरा वर्षं झाली.

२५ मार्च, बुध.
ख्रिस्टीला हे सगळं सांगितलं. डॉक्टरने सांगू नये. सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्याने.
"आणि पास झालीस?"
"झाले."
"मग."
चादर सारखी करून दिली. दारापाशी पोचले तेव्हा मागून म्हणाला, "तू वडिलांवर रागावलीस का?" हो म्हटलं. अजून आहे राग. तो खिडकीकडे तोंड करून पडला. विचार करतो म्हणाला.

२७ मार्च, शुक्र.
तिसरीही जिंकल्या. संध्याकाळी साडेसहाला होती. ख्रिस्टीला कळलं की नाही शंका आहे. सकाळपासून भ्रमात बडबडतोय, रक्तातलं कॅल्शियम फार वाढलंय. मला नोरीन समजून गाईंचं काहीतरी विचारत होता. ड्रिप चालू आहे, फरक नाही. विचार करतो म्हणाला होता. काय ठरवलं ते आता त्याच्याकडून कळणार नाही.
कन्सल्टंट म्हणाल्या, आता मुलीला सांगायलाच हवं. त्या स्वतः बोलणार होत्या. मी म्हटलं, मी सांगते, शेजारी आहे.

२८ मार्च, शनि.
अकरा वाजता बारमध्ये गेले. उघडायचा होता. नोरीन टेबलांवरच्या खुर्च्या खाली घेत होती. मी सांगत होते आणि ती खुर्च्या घेतच राहिली. सगळ्या झाल्यावर एकीवर बसली.
"मला माहीत होतं. पाणी काढलंत त्या दिवसापासून."
"मग मला सरळ का नाही विचारलंस?"
"तू सांगितलं असतंस. मग मला ईफाला सांगावं लागलं असतं."
मग तिने विचारलं, "उद्या चौथी मॅच आहे. उद्यापर्यंत?"
"सांगता येत नाही."
"ही जिंकल्या तर शेवटच्या चारात."
तिने बाहेर 'आज बंद' अशी पाटी लावली आणि माझ्याच गाडीतून वॉर्डात आली. रस्त्यात एकदाच बोलली. "माझ्या जागी तू असतीस तर?"
माझं उत्तर तिला नको होतं.

२९ मार्च, रवि.
आज उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे. सकाळी सगळ्यांचीच धांदल.
ख्रिस्टी बोलत नाही आता. श्वास मध्ये थांबतो, परत सुरू होतो. नोरीन रात्रभर खुर्चीत. ईफाला कळवलेलं नाही.
साडेतीनला माझ्या फोनवर मेसेज. ईफाचा. नंबर समीरकडून घेतलाय, तो बारच्या ग्रुपवर आहे. 'आजोबा शुक्रवारपासून फोन घेत नाहीत. आई म्हणते झोपलेत. तुम्ही डॉक्टर आहात, खरं सांगा.'
पेशंटबद्दल मी काही सांगू शकत नाही. हे लिहिलं, पुसलं. खेळाला शुभेच्छा, हेही लिहिलं, पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं: 'आईला आत्ता फोन कर. मॅचच्या आधी.'
लगेच वाचला गेला.
वॉर्डात गेले. नोरीनला सांगितलं, मी काय केलं ते. ती उठून उभी राहिली. मला वाटलं मारते आता.
"तुला कोणी हक्क दिला?"
"कोणीच नाही."
तेवढ्यात लॉकरवरचा तिचा फोन वाजायला लागला. पडद्यावर ईफाचा फोटो. नोरीनने फोनकडे बघितलं, मग ख्रिस्टीकडे. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं.
गाडीत बसून लिहितेय. चारला दहा कमी. मॅच सहाला आहे. तिने फोन उचलला की नाही, माहीत नाही. दाराबाहेर जरा वेळ थांबले असते तर कळलं असतं. थांबले नाही.