हळद लागलेली रॅम

योगिनी,

कम्प्युटर सुरू झाला! तुझा प्रबंध जिवंत आहे, पाचही प्रकरणं, तळटीपांसकट. मी कोटीच्या बाजारात फ्लॉप्या आणायला गेलोय. तू ताईकडून परत आलीस तर मशीन बंद करू नकोस आणि मिक्सरही लावू नकोस, करंटचा काही भरवसा नाही.

आता कबुली देतो. नवी रॅम बसवल्यापासून मशीन नुसतं बोंबलत होतं, आणि मी तीन दिवस तुलाच बोलत होतो की तू घाईत प्लग उपटलास. प्लगचा काही संबंध नव्हता. माफ कर. आज सकाळी कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या खाजाभाईंना घरी आणलं. त्यांनी रॅमची पट्टी काढली, हुंगली आणि म्हणाले, "साब, ये रॅम है, मछली नै. हल्दी कायकू लगाए?"

हळद मी लावली होती. कुंकूही. बसवण्याआधी, तू आंघोळीला गेलीस तेव्हा, आणि नेमकं पट्टीच्या त्या सोनेरी टोकांवर, जिथून करंट जातो, कारण तीच जागा मानाची वाटली. खाजाभाईंनी ती टोकं खोडरबरानं घासली आणि एक बीप देऊन मशीन उठलं.

वीस वर्षं पूजाअर्चेवर विनोदी लेख पाडणाऱ्या माणसानं हे का केलं, असं तू विचारशीलच. तुझी सहा वर्षं त्या डब्यात होती. मी डबा उघडला आणि माझ्याच हातून ती जातील अशी भीती वाटली. ते तुला सांगण्यापेक्षा हळद लावणं सोपं वाटलं.

दिगंबर