सतरा मात्रांचा एकमेव श्रोता

३ फेब्रुवारी
संकल्प: यंदा अल्बम होणारच. यापुढे बॅण्ड म्हणायचं नाही, प्रोजेक्ट म्हणायचं. गायक नको; शब्दांनी मेटल बाटतं. (गायक सोडून गेला, हे कारण नव्हे.) पुढारी माझी बेस गिटार. शिलाँगला हे पचायला वेळ लागेल.

१९ फेब्रुवारी
दोन्ही गिटारवाले गेले. "बाह, तुमच्या सतरा मात्रा मोजता मोजता आम्ही म्हातारे होऊ," म्हणाले. (बाह म्हणजे दादा; तेवढा मान राखला.) बरं झालं. गर्दीच होत होती.

६ मार्च
ड्रमर किटबोक चर्चच्या बॅण्डमध्ये गेला. तिथे म्हणे लोक ऐकायला येतात. नुसतं ऐकून काय होतं? कळायला हवं. मेइला कळतं. एकाहत्तर वर्षांची माझी आई, पण रोज समोर सुपारी चघळत बसते आणि सतराच्या सतरा मात्रांवर मान डोलावते. एकदाही चुकत नाही.

७ मार्च
मेइचं पुन्हा तेच. "तुझ्या बापाचं ते चर्चचं गाणं वाजव ना रे एकदा." दोन वर्षं मागे लागलीये. साधं चार मात्रांचं गाणं! म्हटलं, अल्बम झाल्यावर. नुसती हसली. समजूतदार आहे.

२ एप्रिल, दुपारी
वाजवताना लाइट गेली. अ‍ॅम्प बंद. बोटं आणि पाय सवयीनं चालू. मेइची मानही चालूच! संगीत तिच्या आत भिनलंय. मुलाखतीत सांगायचं.

२८ एप्रिल
अल्बम झाला. एकट्यानं केला. बैठकीत स्पीकरवर लावला. बारा जणांना बोलावलं होतं. आले दोघं, जाडोहचा मांसभात खाऊन गेले.
मी मांडी घालून डोळे मिटून ऐकत होतो. उघडले तर मेइ ढिम्म. मान हलेना. फार लागलं.
आत जाऊन इबाला विचारलं, मेइला आवडलं नाही का? धाकटी बहीण, कधी धड बोलत नाही. आज रडली. म्हणाली, "बाह, ती तुझा पाय बघून मान हलवते. मागच्या थंडीपासून तिला काही ऐकू येत नाही. तुला सांगू नको म्हणाली. पोराचं ऐकणारं आता कोण उरलंय, म्हणाली."

२९ एप्रिल
बापाचं ते गाणं वाजवलं. आवाज पूर्ण वाढवून. दोनदा चुकलो.
मेइ माझ्या पायाकडे बघत शेवटपर्यंत मान डोलावत होती. मग म्हणाली, "छान झालं. आता अल्बम संपला ना? तुझ्या बापाचं ते गाणं वाजव की एकदा."
मी मान डोलावली.