ताटाला चिकटलेलं मांस

१२ मे, सोमवार
रेडिओवर सांगितलं – कुठल्याशा शहरात कच्चं गोमांस खाऊन अकरा जण इस्पितळात. एका म्हाताऱ्याची किडनीच बंद पडली! एकेचाळीस वर्षं मी कोरियातल्या या तेगू शहरात तेच कापून विकतोय. दुकानातच मागच्या चार टेबलांवर लोक तिखट-लसणात बुडवून खातात, वर सोजू दारूचा घोट.

बायकोला विचारलं, "मालसुन, आपलं मांस चांगलं असतं ना?"

"अहो, आजचा बैल आजच विकतो आपण! ताजं मांस ताटाला चिकटून राहतं, उलटं करून बघा. एक तुकडा जरी पडला तरी मी माहेरी जाते."

सत्तराव्या वर्षी कुठलं माहेर!

१३ मे, मंगळवार
तोकचुल रोजच्यासारखा आला. आम्ही एका शाळेत होतो. मी सहावीत सोडली, त्यानं सातवीत. मांडीचं लालभडक मांस कापलं, ताट त्याच्या डोक्यावर उलटं धरलं. एक तुकडा हलला नाही. टाळ्या! मग त्याच्यासमोर बसून त्याचा चेहरा बघत राहिलो – पिवळा पडतो का, घाम येतो का.

"काय रे पान्सू, मुलगी बघायला आलायस का माझ्याकडे?"

त्याला काही झालं नाही. पण उद्या झालं तर? माझ्या हातचं खाऊन?

१४ मे, बुधवार
केलं! आरोग्य कार्यालयात फोन केला. भाजी आणायला जातो म्हणालो आणि पुलाखाली जाऊन केला. आवाज जाड काढला. "बाजारात कोंबडीवाल्याच्या शेजारी मांसाचं दुकान आहे, ते तपासा." बाई म्हणाली, "आपलं नाव?" मी घाबरून फोनच बंद केला. भाजी आणायची राहिली. त्यावरून बोलणी खाल्ली.

१५ मे, गुरुवार
आरोग्य कार्यालयातून आले. एक मुलगी, प्यो हेरिन नावाची, माझ्या नातीएवढी, आणि तिच्याबरोबर एक पोरगेला साहेब. कापसाचे बोळे सगळीकडे फिरवले – सुरी, मांस कापायचा पाट, फ्रिजचं दार, माझे हातसुद्धा. मांसाचे तुकडे बर्फाच्या पेटीत. मी ऐटीत ताट उलटं करून दाखवलं.

ती गोड हसली. "आजोबा, मांस ताजं आहे, तेवढंच यावरून कळतं. जंतूही चिकटून बसतात."

एकेचाळीस वर्षं मला हे कोणी सांगितलं नाही!

अहवाल येईपर्यंत कच्चं बंद. ते गेले आणि पीडा टळावी म्हणून मालसुननं दारात मूठभर मीठ भिरकावलं. "कोणी चुगली केली? त्या कोंबडीवाल्यानंच!" चांगहो शेजारून धावत आला. "वहिनी, मला चुगली करायची असती तर तुमच्या स्वयंपाकाची केली असती!" अर्धा बाजार जमला. मी फ्रिजमागे उभा राहून मोकळी खोकी रचत होतो.

१६ मे, शुक्रवार
तोकचुलला शिजवलेलं सूप दिलं. म्हणाला, "हे तर बायको घरी देते. मग मी घर सोडून आलो कशाला?"

१७ मे, शनिवार
कत्तलखाना बंद, म्हणजे तसंही कच्चं मिळणार नव्हतं. जरा बरं वाटलं. चांगहोनं तळलेली कोंबडी पाठवली, निरोप – "विष नाही, खा." त्याचा काय दोष! मला घास उतरेना. एक तंगडी मात्र खाल्ली. बरी होती.

१९ मे, सोमवार
अहवाल आला. मांस स्वच्छ! सुरी स्वच्छ! नाचावंसं वाटलं. मग हेरिननं दुसरा कागद काढला. पाट पुसायचं फडकं – त्यावर नको त्या जंतूंची जत्रा. त्याच फडक्यानं पाट, सुरी, हात सगळं पुसतो मी. रोज संध्याकाळी नळाखाली पिळून वाळत घालतो! त्यानं भागत नाही म्हणे. आता कागदी रुमाल, एकदा पुसला की फेकायचा. कच्चं खायच्या मांसाला पाट वेगळा, सुरी वेगळी.

मला वाटलं मालसुन आता सोलून काढणार. तिनं तर चिमट्यानं फडकं उचललं आणि शेगडीत टाकलं. वर गाणं गुणगुणत होती.

२२ मे, गुरुवार
परवा पुन्हा बोळे फिरवून गेले होते. आज फोन आला – पास! उद्यापासून कच्चं चालू. तोकचुलला कळवलं तर म्हणाला, "आज जेवतच नाही मग." मी नवा पाट तीनदा घासला. चौथ्यांदा मालसुननं हातातून काढून घेतला.

२३ मे, शुक्रवार
हेरिन दाखला द्यायला आली. मालसुन समोर लसूण सोलत बसली होती. जाताना पोरगी म्हणाली, "सांगू नये, पण आजोबा, तुमच्याबद्दल दोन फोन आले होते. बुधवारी एका जाड आवाजाच्या गृहस्थांचा. आणि त्याच्या आदल्या दिवशी एका आजींचा – 'त्या हट्टी म्हाताऱ्याचं फडकं तेवढं तपासा, माझं ऐकत नाही.'"

मालसुनचे कान लाल झाले. मी तिच्याशेजारी बसलो आणि लसूण सोलायला घेतला.